चेंबरमधला हात

दादा, तुमचा डावा हात अजून माझ्याकडे आहे. साचा आपण काचीगुड्याच्या घरात, स्वयंपाकघरात बसून घेतला होता. त्यातून आजवर किती हात ओतले याची गिनती मी ठेवली नाही, एरवी मी प्रत्येक गोष्टीची ठेवतो. सध्याचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत आहे. वरून कातडीच्या रंगाचं मऊ रबर, आत स्नायूसाठी जरा घट्ट रबर, हाडाच्या जागी नायलॉनची दांडी आणि बोटांमध्ये तांब्याच्या तारा. बालानगरच्या माझ्या शेडमध्ये तो टॉवेलात गुंडाळून फळीवर ठेवलेला असतो. गेले काही महिने या हाताशी माझं जे चाललं होतं, ते कुणाला तरी सांगायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

तुम्ही होतात तेव्हा मी नर्सिंग कॉलेजांना सुई टोचायच्या सरावासाठी रबरी हात पुरवायला नुकती सुरुवात केली होती. तुम्हाला त्याची मोठी गंमत वाटायची. रिटायर झाल्यावरही तुम्ही संध्याकाळी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जाऊन बसायचात आणि जुन्या मंडळींना सांगायचात, "शहरातल्या निम्म्या पोरी माझ्या हातावर शिकल्यात, मला कधी ताप आला तर फुकट इंजेक्शन देतील." त्याआधी मात्र तुम्हाला माझी काळजीच होती. जामबागच्या शाळेतून पुढे पॉलिटेक्निकला घातलं, तर ते मी अर्ध्यात सोडलं. शेजारच्या कंपाउंडरचं ब्लडप्रेशरचं यंत्र मी खोलून ठेवलं होतं तो दिवस मला लख्ख दिसतो. तुम्ही ड्युटीवरून आलात, जमिनीवर पसरलेले स्क्रू पाहिलेत आणि चपलाही न काढता म्हणालात, "खोलायला काय, उंदीरसुद्धा खोलतो. जेवायच्या आत हे होतं तसं झालं पाहिजे." होतं तसं झालं नाही. होतं त्यापेक्षा बरं झालं, पारा अडकायचा तो अडकेनासा झाला. पुढच्या आठवड्यात तुम्ही जुमेरात बाजारातून बारीक मापं घ्यायचा एक वापरलेला व्हर्नियर आणलात, माझ्या ताटाशेजारी ठेवलात आणि अंबाडीची भाजी वाढून घेतलीत. मला कुणी शिकवलं असं कोणी विचारलं तर मी नाव घेत नाही, कारण शिकवलं कुणीच नाही. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय त्या ताटापासूनची.

आता काम काय करतो ते सांगतो. औषधाची एक कांडी असते, काडीपेटीतल्या काडीएवढी, मऊ. ती दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली सरकवून ठेवली की पुढे कितीतरी महिने थोडं थोडं औषध रक्तात जात राहतं, रोज गोळी घ्यावी लागत नाही. कांडी आत सोडायला हातात धरायचं एक छोटं यंत्र लागतं, त्याला ॲप्लिकेटर म्हणतात. पुढे पोकळ सुई, पाठीवर सरकता खटका. सुई कातडीखाली घालायची, खटका मागे ओढायचा, सुई मागे येते आणि कांडी आत राहते. दवाखान्यात हे दोन मिनिटांचं काम. पण एका डॉक्टरीणबाईंना ते वर बर्फात करायचं होतं. रस्ता बांधणाऱ्या मजुरांच्या छावण्या असतात तिथे, तंबूत, जिथे स्टोव्हची ऊब स्टोव्हपाशीच राहते. तिथे प्लॅस्टिक काचेसारखं तडकतं, आतलं ग्रीस मेणासारखं बसतं, आणि जाड हातमोज्यातून खटका ओढला की नाही तेच कळत नाही. औषध बनवणाऱ्या कंपनीच्या ॲप्लिकेटरला तिथे चालेल असं करायचं, हे काम माझ्याकडे आलं. मी प्लॅस्टिक बदललं. ग्रीस काढून टाकलं, कोरडंच सरकेल असे काठ घासून बसवले. खटका अंगठ्याएवढा मोठा केला आणि त्याला अशी खाच दिली की मोज्यातूनही हाडापर्यंत जाणवेल. स्वतःच्या तोंडानं सांगतो, काम सुरेख झालं होतं.

चाचणीसाठी चेंबर आहे. माणूस आत उभा राहील एवढी खोली, फ्रिजसारखं जाड दार, दाराला काच. बाहेर पत्र्याखाली शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि आत शून्याखाली तीस. कंपनीनं पाठवलेले रबरी दंड आत ठेवायचे, ते पुरते गोठले की अंगावर फुगीर जाकीट चढवून मी आत जायचो आणि कांडी सोडायचो. मग कातडीवरून बोट फिरवून बघायचं. कांडी बोटाला लागली तर बरोबर बसली. लागली नाही तर ती खोल गेली, स्नायूत. खोल गेलेली कांडी नंतर सापडत नाही, एखाद्या नसेला लागली तर हात कामातून जातो, आणि वर त्या छावणीत रस्ता उघडेपर्यंत ना सर्जन ना ती शोधायचं मशीन. म्हणून हे बोट लागणं म्हणजेच सगळं. कंपनीच्या एकूण एक दंडांवर लागलं. मग म्हटलं, तुमच्याही हातावर करून बघू. गरज नव्हती. तुमच्यावर केलं नाही तर काम पुरं झालं असं मला वाटत नाही, एवढंच.

तुमच्या हातात कांडी खोल गेली.

मी दंड चिरून पाहिला. कांडी थेट घट्ट रबरात रुतली होती. माझा हात चुकला म्हणून नवीन दंड ओतला, पुन्हा केलं, पुन्हा खोल. माझ्याकडे पुण्याहून आलेली एक मुलगी आहे, इंजिनिअर, मला काका म्हणते. तिनं केलं, तिचंही खोल. आणि त्याच सुमाराला बोटांचं लक्षात आलं. तुमच्या साच्यात बोटं जराशी उघडी आहेत, तळव्यात लिंबू धरावं तेवढी. थंडी वाढली की ती मिटतात. हळूहळू, काचेतून पाहत बसलं तर दिसणार नाही इतकी सावकाश, पण चहा पिऊन परत आलं की मूठ आवळलेली. बाहेर काढलं की उघडतात, आणि मग आपल्या हवेत त्या गार हातावर दव धरतं. ते बारीक थेंब कातडीच्या रंध्रारंध्रांतून फुटल्यासारखे दिसतात, एकत्र होतात, कोपराच्या खळगीत साचतात. बघणाऱ्याला वाटावं, हात घामाघूम झालाय.

चेंबरवर एक चाचा आहेत, सबंध आयुष्य बर्फाच्या कारखान्यात काढलेले. ते पहिल्याच दिवशी दाराशी उभे राहून म्हणाले, "साब, ये हात नक्को बोलरा."

मी म्हटलं, "चाचा, रबर आकसतं, तार आकसत नाही, म्हणून बोटं वळतात. सायन्स आहे."

"सायन्स होंगा, साब. मैं कहाँ ना बोला? मगर नक्कोच बोलरा. मेरेकू चार पोट्टे हैं, सुई देखे तो ऐसीच मुठ्ठी बांधते थे."

ती मुलगी हसली. मीही हसलो. पण मग माझ्या मनानं घेतलं की मोजावं. स्वतःच्या डाव्या हाताचा साचा केला. तेच रबर, त्याच तारा, ओतणी एकाच दिवसाची. दोन्ही हात शेजारी शेजारी चेंबरमध्ये ठेवले. माझी बोटं होती तशी राहिली, तुमची मिटली. माझ्या दंडात कांडी व्यवस्थित वर बसली, तुमच्यात खोल गेली. तारांची अदलाबदल केली, तरी मिटली ती तुमचीच. आणि एका दुपारी मी तुमचा हात नुसता आत ठेवला, थंडी अजून चालूही केली नव्हती, दार लावायला वळलो, आणि परत पाहिलं तर मूठ आवळलेली. कदाचित ठेवतानाच दाबली गेली असेल. मी चाचांकडे पाहिलं. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बाहेर निघून गेले.

इकडे डॉक्टरीणबाईंचे फोन सुरू झाले होते. वरचा रस्ता लवकरच बंद होणार, त्याआधी माल गेला नाही तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते लोक औषधाविना राहणार. "तुमच्या सगळ्या टेस्ट पास झाल्यात ना?" त्यांनी विचारलं.

"कंपनीच्या सगळ्या झाल्या."

"मग अडलंय कशात?"

"एका हातावर होत नाही."

"कुणाच्या?"

मी म्हणालो, "जुना साचा आहे."

"अहो, मग टाकून द्या तो साचा," त्या वैतागून म्हणाल्या. "तिथे माणसं थांबलीत माझी."

त्यांचं चुकत नव्हतं. चाचणी पास म्हणून सही केली असती तर कुणीही मला बोल लावला नसता. कागदावर तुमचा हात नव्हताच. खोकी भरून तयार होती. त्या दुपारी मी टेबलाशी बसून तुमचा हात समोर घेतला आणि खरं सांगतो, मला तुमचा राग आला. मला वाटत होतं की मला कारण माहीत आहे. साचा घेतला तो दिवस मी कित्येकांना हसून सांगितलाय. दातांचे ठसे घ्यायची पूड मी कोटीच्या बाजारातून पोतंभर आणली होती, पाणी फार गार लागतं म्हणून बर्फाची लादी आणून बादलीत फोडली होती, नाहीतर ती पूड लगेच घट्ट होते. पावसाच्या पाण्याचा प्लॅस्टिकचा जाड पाइप उभा करून त्यात ते कालवण ओतलं होतं, हात त्यात घालायचा. तुम्ही उजवा हात पुढे केलात, "चांगला हा आहे, हा घे." आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "उजवा राहू द्या, जेवायचं आहे अजून तुम्हाला." मग डावा घातलात. मी म्हटलं, हात सैल सोडा, हलू नका. तुम्ही म्हणालात, "कुठल्या हिमालयात आणलंस रे," आणि मग छाती पुढे काढून, जबडा आवळून समोर भिंतीकडे बघत बसलात. साचा निघाला तेव्हा दंड टणक, ताठ. मला वाटलं, तरुणपणी तालमीत जायचात, आता जन्मभरासाठी हात राहणार म्हणून दंड फुगवलात. आई तर म्हणालीच, "फोटो काढताना असंच करतात हे." सगळे हसलो. तुम्हीही हसलात.

त्या दुपारी तो हात माझ्यासमोर होता आणि मी मुलीला हे सांगत होतो. म्हटलं, "आमचे वडील नखरेल होते. दंड फुगवून बसले, त्याची ही शिक्षा आपल्याला. साचाच खोटा आहे."

ती हसली नाही. तिनं हात उचलला, खिडकीशी नेला, तिरपा धरला. बराच वेळ बघत होती.

"काका, दंड फुगवायचा तर कोपरात वाकवावा लागतो ना? हा सरळ आहे."

"पाइपात होता. वाकणार कसा?"

"तेच म्हणते. सरळ हातानं फुगत नाही तो. आणि मागचा स्नायूसुद्धा तेवढाच ताठ आहे. पुढचा, मागचा, मनगटसुद्धा." तिनं अंगठा दंडावरून फिरवला. "हे काय आहे? सगळीकडे बारीक बारीक."

"केसांची मुळं. साचा चांगला निघालाय, म्हणून दिसतात."

"तुमच्या स्वतःच्या साच्यात नाहीत." ती माझ्याकडे वळली. "काका, हा काटा आहे अंगावरचा. त्यांना थंडी वाजत होती."

दादा, मी भिंग घेऊन पाहिलं. जो हात मी वर्षानुवर्षं ओतत होतो, ज्याची कातडी मला पाठ आहे असं मी म्हणायचो, त्याच्यावर खांद्यापासून मनगटापर्यंत काटा होता. एकेक बारीक टेकडी. तुम्हाला त्या बर्फाच्या पाण्यात हुडहुडी भरली होती, आणि मी हलू नका म्हटलं होतं म्हणून तुम्ही सगळा हात आवळून ती आतल्या आत धरून ठेवली होती. साच्यात थरथर येऊ द्यायची नाही म्हणून. आणि ती तशीच्या तशी साच्यात आली होती.

मुलगी पुढचं बोलत होती. मला उशिरानं ऐकू आलं. "म्हणजे कंपनीचे सगळे हात चूक आहेत, काका. ते आरामात पडलेल्या माणसाचे आहेत. तुमचाही, तुम्ही नव्या पुडीनं, साध्या पाण्यात, पंख्याखाली बसून घेतलात. वर तंबूत कुणाचा हात असा असणार आहे?" खरं होतं. गारठलेला माणूस अंग आवळून बसतो. मांसही झडलेलं असतं, तिथे राहून सगळेच वाळतात असं बाई म्हणाल्याच होत्या. अशा दंडावर कातडी ताणलेली असते. माझा ॲप्लिकेटर कातडी आपोआप वर उचलली जाईल हे धरून चालला होता. ती उचलली गेली नाही की सुईचं नाक खाली वळतं आणि कांडी स्नायूत. माझं सुरेख यंत्र गारठलेल्या माणसांसाठी केलेलं होतं आणि गारठलेल्या माणसावर चालत नव्हतं. हे मला सांगणारा हात एकच होता, आणि तो मी टाकून देणार होतो.

खोकी उघडली. डॉक्टरीणबाईंना फोन केला, की सही करत नाही, थांबा. त्या बरंच बोलल्या, मी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "तुमच्या लोकांचे हात तिथे थरथरतात का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या, "थरथरू नयेत म्हणून घट्ट धरून बसतात." त्यानंतर त्यांनी घाई केली नाही.

उपाय निघाला तो छोटासा होता. सुईच्या खाली पुढे आलेला एक ओठ बसवला, तो आधी कातडी चिमटीत धरून वर घेतो आणि नाक खाली जाऊच देत नाही. पहिला ओठ कमी पडला, दुसरा रबर फाडायला लागला. तिसऱ्याची चाचणी होती त्या दिवशी चाचांनी चेंबर चालू केलं आणि आत डोकावून म्हणाले, "चलो बडे मियाँ, आखिरी बार." ते तुम्हाला म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आत गेलो. काचेपलीकडे मुलगी. तुमचा हात तबकावर, मूठ आवळलेली, अंगावर बर्फाची बारीक भुरी, काट्याच्या टोकांवर ती जास्त धरलेली. आत आवाज नसतो, आपलाच श्वास जाकिटात ऐकू येतो. मी ओठ टेकवला, सुई घातली, खटका ओढला, खाच हाडाला कळली. मग हातमोजा काढला. कांडी बघायची ती उघड्या बोटानंच.

त्यानंतरचं सगळं नीट झालं, तेवढं आधी सांगून टाकतो. शेवटच्या गाड्यांबरोबर माल वर गेला. परवा बाईंचा फोन आला. आवाज तुटत होता, पण एवढं कळलं की सगळ्यांना कांड्या बसवून झाल्या आणि प्रत्येकाच्या दंडात कांडी बोटाला लागते. चाचांनी पेढे मागितले, दिले. मुलीनं तुमच्या साच्यावरची चाचणी निकालाच्या कागदात घालायला लावली. आता कंपनी तो साचा स्वतःसाठी मागते आहे, आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे पत्रही कुठे जायचं नाही. घरी, बरकतपुऱ्याला, सूनबाई माझं मराठी अक्षर वाचू शकत नाही, नातवाला तर लिपीच येत नाही, त्यामुळे टेबलावर राहिलं तरी चालेल.

फक्त एक गोष्ट मुलीला सांगितली नाही, चाचांनाही नाही. मी उघडं बोट तुमच्या दंडावर ठेवलं तेव्हा तो गार लागला नाही. शून्याखाली तीसमध्ये बोट लगेच बधिर होतं आणि बधिर बोटाला गार कळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेव्हा ते बधिर झालेलं नव्हतं. त्या बोटाखाली कांडी होती, कातडीच्या लगेच खाली, सरळ, हवी तिथे. काचेवर टकटक झाली. मुलगी बाहेरून विचारत होती, "लागली का, काका?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि बोट तसंच ठेवलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. लागली होती, दादा. पहिल्यांदा टेकवलं तेव्हाच लागली होती.